पाच मोजेपर्यंत

ओव्हाळ मामा थर्मामीटरला जुमानत नसत. "त्यो तापाच्या माणसाला. यंत्राला हात," असं म्हणून ते आपला पसरट उजवा हात तापलेल्या वस्तूवर सपाट टेकवायचे आणि मोठ्याने मोजायला लागायचे. पाच मोजेपर्यंत हात टिकला तर वस्तू ठणठणीत. त्याआधी उचलावा लागला तर कुठंतरी पाणी मुरतंय. सातपर्यंत गेले तर स्वतःच खूश होऊन "चालंल, म्हातारपणापतुर चालंल," असा दाखला द्यायचे. हा हात फक्त यंत्रांवरच पडायचा असं नाही. कॅन्टीनच्या चहाच्या किटलीवर, माझ्या स्कूटरच्या इंजिनावर, हॉस्टेलमधल्या तापानं फणफणलेल्या पोरांच्या कपाळावर, सगळीकडे तोच हात आणि तीच मोजणी. एकदा प्राचार्यांच्या लॅपटॉपवरून त्यांनी हात तीनलाच उचलला आणि म्हणाले, "सायेब, ह्याला सुट्टी द्या." पंधरा दिवसांत लॅपटॉप कायमच्या सुट्टीवर गेला. त्यानंतर कॉलेजात मामांच्या हातावर शंका घ्यायची कुणाची छाती नव्हती.

लवळ्याच्या डोंगरावरच्या त्या कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला लागले तेव्हा माझी पदवी नवीकोरी होती आणि तोरा तिच्याहून नवा. मामा कागदोपत्री प्रयोगशाळा सहायक. प्रत्यक्षात प्रयोगशाळा त्यांचीच, आम्ही सगळे तिथे येऊन-जाऊन असणारे. विभागप्रमुख बदलले, अभ्यासक्रम बदलला, बाकं बदलली, पण सुट्या भागांच्या कपाटाची किल्ली मामांच्या कमरेच्या काळ्या करगोट्याला होती ती तिथेच राहिली. किल्ली मागितली तर देत नसत. काय हवंय ते विचारायचे, स्वतः उठायचे, आणि पुष्कळदा आपण मागितलेलं सोडून आपल्याला खरं जे हवं असेल ते आणून द्यायचे. मला सुरुवातीला याचा भयंकर राग यायचा.

पहिल्याच प्रॅक्टिकलला चाळीस मुलांसमोर माझ्या सर्किटमधून धूर निघाला. मामा मागच्या भिंतीला टेकून उभे होते. ते पुढे आले, जळलेला ट्रान्झिस्टर बदलला, त्याच्या पाठीला उष्णता बाहेर काढणारी ॲल्युमिनियमची मोठी पट्टी जोडली आणि बटण दाबलं. दहा मिनिटांनी मला म्हणाले, "म्याडम, हात ठिवा." मी ठेवला आणि दोनलाच झटकून काढला. मग मामांनी स्वतःचा ठेवला आणि शांतपणे सातपर्यंत मोजलं. मुलं खो खो हसली. "शहरातली कातडी हाय," मामा त्यांना दटावत म्हणाले, "व्हईल सवय." त्या क्षणी मी ठरवून टाकलं की चूक माझ्या कातडीची आहे. हे ठरवणं पुढे किती महागात पडणार होतं, ते मला तेव्हा कळलं असतं तर!

मामांचा खरा जीव हेडफोनच्या ॲम्प्लिफायरमध्ये. मोठाल्या कर्ण्यांचं त्यांना आता काही वाटत नसे. तरुणपणी ते पंचक्रोशीत माइक आणि कर्णे लावायला जायचे, जयंतीच्या कार्यक्रमांना, लग्नांना, निवडणुकांना. "गावाला ऐकवनं सोपं हाय," म्हणायचे. "येका मान्साच्या कानात नीट बोलनं अवघड."

एकदा एक विद्यार्थी बापाने घेऊन दिलेला महागडा हेडफोन आणि तेवढाच महागडा ॲम्प्लिफायर घेऊन आला. त्याला त्यातून आणखी पॉवर काढायची होती. मामांनी आधी हेडफोन कानाला लावला, मग ॲम्प्लिफायरवर हात ठेवला. चारला उचलला.

"पोरा, कानाला पावर लागती चमचाभर," मामा म्हणाले. "तू टँकर घिऊन आलायास."

"पण मामा, जास्त असलेली काय वाईट?"

"बाकीची जानार कुटं? डबा तापवनार. डबा तापला की आतलं सामान म्हातारं व्हनार. आन् कवातरी चुकून ती समदी कानात गेली, तर तू बहिरा." मग त्या पोराच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पावर दावायची आसंल तर तालमीत जा."

पोरगं हिरमुसलं, पण पुढचं सगळं वर्ष मामांच्या टेबलापाशी असायचं. अशी पोरं दर वर्षी एकदोन निघायची. आमची लेक्चरं बुडवून ती मामांकडे बसायची आणि आम्ही काणाडोळा करायचो, कारण परीक्षेत तीच नीट लिहायची.

ॲम्प्लिफायर कमी तापवायचा की आवाज निर्मळ ठेवायचा, हा धडा मी फळ्यावर दोन तास आलेख काढून शिकवत असे. मामा तो कॅन्टीनमध्ये चहा गार व्हायच्या आत शिकवायचे. "चूल इझवली की लाकडं वाचत्यात," ते सांगायचे. "पन पावना आला की काडी शोधा, धूर खावा, मंग च्या. आन् निखारा राखून ठिवला तर येक फुंकर, झालं काम. पन मंग दिसभर लाकूड जळनार. काय पायजे ते ठरवा. दोन्ही मिळत न्हाई." तंतोतंत हेच होतं. काही ॲम्प्लिफायर आवाज थांबला की डुलकी घेतात. वीज वाचते, डबा गार राहतो, पण अगदी बारीक आवाज आला की जागे होता होता अडखळतात आणि त्याची खरखर ऐकू येते. दुसऱ्या तऱ्हेचे कायम जागे असतात. कुणी गात असो वा नसो, त्यांच्यातून वीज वाहतच राहते. आवाज निर्मळ, पण बहुतेक सगळी वीज उष्णता होऊन वाया जाते. मामा दुसऱ्या जातीचे भक्त. एवढ्या बारीक आवाजाचं यांना काय पडलंय, हे मला दोनतीन वर्षं कळलं नाही.

ते कळलं त्यांच्या घरी गेल्यावर. नांदे गावात मामांचं दोन खोल्यांचं घर, वर पत्रा, पुढे अंगण. अंगणातून समोर पाहिलं की निम्मं भाताचं शिवार आणि निम्म्यात उभ्या राहत असलेल्या इमारती. मामांची बायको शांताबाई दारातच भेटल्या आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "या म्याडम! आमचं ह्ये तुमच्याबद्दल लई सांगत्यात!" मी चपापले. मामा हसले आणि म्हणाले, "तिला ऐकू येत न्हाई ना, म्हनून ती आपल्यालाच बहिरं समजती."

शांताबाईंनी चौदा वर्षं खडी क्रशरवर काम केलं होतं. दोन्ही मुलांची शिक्षणं त्या खडीतून निघाली. कानांची मात्र खडी झाली. उजवा कान पार गेलेला, डाव्यात थोडं उरलेलं. शिबिरात मिळालेलं कानातलं यंत्र सुईदोऱ्याच्या डब्यात पडून होतं, कारण त्यात कुकरची शिट्टी आणि माणूस सारख्याच आवाजात बोलायचे. डॉक्टरांनी बजावलं होतं की मोठा आवाज कानावर घेतला तर उरलेलंही जाईल.

आणि घरात एक कॅसेट होती. शांताबाईंचे थोरले भाऊ किसनदादा गायन पार्टी चालवायचे, गावोगाव जयंतीला गायचे. मामा त्याच पार्टीचे माइकवाले. लग्न जमलं ते तिथूनच. किसनदादा जाऊन खूप वर्षं झाली होती आणि त्यांचा आवाज त्या एका कॅसेटवर उरला होता. पण शांताबाईंना गाणी नको होती. तिसरं गाणं संपतं, पेटी थांबते, कुणाचं तरी तान्हं रडतं, आणि माइकपासून लांब, अगदी बारीक, किसनदादा म्हणतात, "ए शांते, पानी आन गं." मग तितक्याच लांबून एका पोरीचा आवाज येतो, "आले दादा."

एवढंच. तेवढं एकदा नीट ऐकायचं होतं त्यांना.

आता पेच समजला. आवाज वाढवायचा नाही, कारण कान जाईल. मग आवाज आहे तेवढाच ठेवून त्याच्याभोवतीची खरखर काढायची. म्हणजे निखारा राखणारा ॲम्प्लिफायर. म्हणजे उष्णता. मामा दोन वर्षं त्याच्यामागे होते. पितळी डब्यात तो बसवला होता आणि आवाजाच्या बटणाशेजारी एक स्क्रू असा ठोकला होता की बटण ठरलेल्या खुणेपुढे फिरूच नये. "तिचा काय भरवसा न्हाई," मामा म्हणाले. "भावासाटी कान जाळंल."

त्या दिवशी शांताबाईंनी हेडफोन लावला. कॅसेट फिरायला लागली. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. तिसरं गाणं संपलं आणि त्यांच्या हातातलं लसूण सोलणं थांबलं. थोड्या वेळाने त्या मामांना म्हणाल्या, "माझाबी आवाज हाय की वो त्यात." मग कॅसेट मागे नेऊन पुन्हा, आणि पुन्हा. मामांनी डोळे पुसले, ते लपवलंसुद्धा नाही. मी आपली काहीतरी करायचं म्हणून डब्यावर हात ठेवला आणि दोनला काढला. "मामा, फार तापतोय," मी म्हटलं. मामांनी हात ठेवला, सातपर्यंत मोजलं. "शहरातली कातडी," ते म्हणाले. शांताबाईही हसल्या. आणि मीही हसले, हे मला कबूल केलं पाहिजे.

तेव्हा थंडी होती. पुढे वैशाख आला. पत्र्याखालच्या त्या खोलीत माणूस भाजून निघत होता, डब्याचं काय! अशा सर्किटचा एक दुष्ट स्वभाव असतो. ते तापलं की जास्त वीज खातं, आणि जास्त खाल्लं की आणखी तापतं. एका दुपारी मामा अंगणात होते. आत शांताबाई ऐकत बसल्या होत्या. कानाला घाम आला म्हणून त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि पदराने कान पुसायला लागल्या. तेवढ्यात ट्रान्झिस्टर फुटला. डब्यातली सगळी वीज हेडफोनमध्ये गेली. आवाज मोठा झाला असणार, पण तो त्यांना आलाच नाही. आला तो जळका वास.

दोन दिवसांनी मामा प्रयोगशाळेत आले. प्लास्टिकच्या पिशवीतून तो काळा पडलेला हेडफोन त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. "कानावर आसता तर?" एवढंच म्हणाले.  मामांनी कपाट उघडलं, तारा कथिलानं जोडायचं त्यांचं स्वतःचं सोल्डरिंग आयर्न आत ठेवलं आणि कुलूप लावलं. पुढचा महिनाभर त्यांनी ते बाहेर काढलं नाही. विद्यार्थ्यांचं काम करायचे, पण कॉलेजचं दुसरं आयर्न वापरून, आणि कुठल्याही वस्तूवर हात ठेवायचे नाहीत. कॅन्टीनची किटलीसुद्धा मोजणीवाचून फिरायला लागली. मला ते बघवेना.

शेवटी एका दुपारी मी स्टॉकमधला, कुणीही कधी न वापरलेला डिजिटल थर्मामीटर काढला. एक लोखंडी पट्टी तापवत ठेवली आणि मामांना म्हटलं, "हात ठेवा." ते तयार होईनात. मी हट्टच धरला. त्यांनी ठेवला, मोजलं. पाच. सहा. सात. थर्मामीटर सत्तर अंशांच्या पुढे होता. त्या पट्टीला मी नुसतं बोट लावलं आणि ओरडले.

मामा हाताकडे बघत राहिले. तीसएक वर्षं तापलेलं कथील, तापलेल्या तारा, तापलेलं लोखंड. बोटांची आणि तळव्याची कातडी केव्हाच चामडं झाली होती. साधा चटका तिला लागतच नव्हता. सगळ्या कॉलेजने ज्या हातावर विश्वास टाकला होता तो हात कित्येक वर्षं खोटं बोलत होता, आणि त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

"तुमी तवाच म्हनाला व्हता," मामा म्हणाले. "दोनला काढला व्हता तुमी."

"मी जोर नाही धरला मामा. चूक माझीही आहे."

"आमी हसलो म्हनून."

मला रडू आलं. मामांनी गडबडीने कॅन्टीनच्या पोराला हाक मारून चहा सांगितला.

तोडगा काढला शांताबाईंनी. आम्ही तिघं नांद्याच्या घरी बसलो होतो. मामा बायकोच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन हाताची सगळी कथा सांगत होते. मी सुचवलं की यापुढे शांताबाईंनीच हात ठेवून मोजावं. त्यांनी आपले तळवे माझ्यापुढे धरले आणि ओरडून म्हणाल्या, "भाकरी तव्यावर उलटनारा हात हाय ह्यो! ह्यो काय सांगनार!" मग आम्हाला दोघांनाही अक्कल शिकवल्यासारखं म्हणाल्या, "मनगटावर बघा की. पोराचं दूध आमी तसंच बघायचो." आणि मामांचा हात धरून त्यांनी उलटा केला. मनगटाची आतली बाजू गोरी, मऊ, निळ्या शिरांची. एवढी वर्षं बाहीच्या आत जपून राहिलेली ती कातडी अजून खरं बोलत होती.

मामांनी दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं. नवा ॲम्प्लिफायर मनगटाच्या पाचवर बेतला. वीज कमी केली, पट्टी दुप्पट मोठी लावली, डब्याला भोकं पाडली, आणि काही बिघडलंच तर हेडफोनची जोडणी आपोआप तुटावी अशी सोय केली. पण निखारा मंद केला की थोडी खरखर येणारच. हाकेच्या जागी ती यायची आणि मामांचा चेहरा उतरायचा. भेटतील त्याला "जमलं न्हाई तसं" म्हणून सांगायचे. शेवटी शांताबाईच वैतागल्या. "आवो, दादाचा घसाच बसका व्हता," त्या म्हणाल्या. "इसरला व्हय तुमी? तुमी माइकवालं असून?" मामांनी कॅसेट पुन्हा ऐकली. मग स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. दोन वर्षं ते मेव्हण्याचा घसा दुरुस्त करत होते! ही गोष्ट त्यांनी मला तिखटमीठ लावून निदान वीस वेळा सांगितली असेल.

पुढे मामा निवृत्त झाले. कॉलेजने शाल-श्रीफळ दिलं, मामांनी किल्ली दिली. किल्ली माझ्या हातात ठेवताना म्हणाले, "मागतील ते दिऊ नका. पायजे ते द्या."

मामा आता नाहीत. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या दिवाळीनंतर, थंडी पडायला लागली होती तेव्हा. नांद्याच्या त्या अंगणासमोर आता शिवार उरलं नाही, नुसत्या इमारती. मामा थकले होते. मी दारातून शांताबाईंना हाक मारली तर त्यांनी मान वर केली नाही. "डावाबी गेला," मामा म्हणाले. "पावसाळ्यात. आपला आपन गेला, कशानं न्हाई." शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. मी मान हलवली.

तरी शांताबाईंच्या कानांवर हेडफोन होता. डब्यावरचा लाल दिवा लागलेला होता, कॅसेट फिरत होती. त्यांनी उजव्या हाताचं मनगट डब्यावर टेकवलं होतं, डोळे मिटले होते. मी माझं मनगट शेजारी ठेवलं. डबा पूर्वीपेक्षा गरम होता. पाच मोजून होत होते, पण जेमतेम. मी मामांकडे पाहिलं.

"वाढवली वाईच वीज," ते हळूच म्हणाले. "ऐकायला काय ऱ्हायलं न्हाई आता. ऊब तरी लागूंदी."

मामांची नजर टेपच्या फिरत्या आकड्यांवर होती. टेपच्या स्पीकरचा आवाज त्यांनी थोडा वर केला, तो स्वतःसाठी. तिसरं गाणं संपलं. पेटी थांबली. तान्हं रडलं. मामांनी आपला तो घट्टे पडलेला हात शांताबाईंच्या हातावर ठेवला आणि बरोब्बर दादाच्या हाकेच्या जागेला अलगद दाबला.

"आले दादा," शांताबाई अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.